गाडीची चाकोरी रुंद केली तर?

बैलगाडीची दोन चाके एकमेकांपासून किती लांब असावीत? हा प्रश्न एखाद्या जुन्या सुताराला विचारला असता, तर तो म्हणाला असता, "गावच्या चाकोरीएवढी." कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन दोन समांतर चर पडतात, तीच चाकोरी. नव्या गाडीचा आख विताएवढा लांब केला, तर तिचे एक चाक चरात आणि दुसरे उंचवट्यावर चालणार, बैल बिचारे दमणार आणि गाडी कलंडणार. म्हणून पंचक्रोशीतील सगळ्या गाड्यांची चाके सारख्याच अंतरावर. 'चाकोरीतले जीवन' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. पण मुळात ती यंत्रशास्त्रातील गोष्ट आहे!

मोटारीच्या डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधील अंतराला कारखान्यात 'ट्रॅक' म्हणतात. आपण त्याला चाकोरीच म्हणू. पुढच्या चाकांची चाकोरी आणि मागच्या चाकांची चाकोरी वेगवेगळी असू शकते. आता गंमत अशी, की एका गाडीच्या मागच्या बाजूचे भाग काढून त्या जागी त्याच घराण्यातील दुसऱ्या, जरा रुंद गाडीचे भाग बसवायचे आणि चाकोरी रुंद करायची, हा उद्योग जगभरचे हौशी लोक आणि गॅरेजवाले कित्येक वर्षे करीत आले आहेत. "चाके बाहेर काढली की गाडी जमिनीला चिकटून चालते, वळणावर उलटत नाही," असे ते सांगतात. हे कितपत खरे आहे?

ते तपासायला पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या ताम्हिणी घाटासारखी जागा नाही. चांदणी चौकातून निघावे, पिरंगुट, पौड मागे टाकावे, मुळशीच्या जलाशयाच्या कडेकडेने ताम्हिणी गाव गाठावे आणि तेथून विळ्यामार्गे माणगावकडे उतरावे. महाराष्ट्रातील सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी ही एक. रस्ता वळणांचा, एका बाजूला कातळ, दुसरीकडे दरी, आणि पावसाळ्यात सदा ओला. डिसेंबर २०२४ मध्ये लग्नाला निघालेली एक बस याच घाटात उलटली आणि पाच माणसे दगावली. तेव्हा गाडी केव्हा उलटते हा प्रश्न येथे केवळ वहीतला राहत नाही.

आधी आगपेटी घ्या

एक गुळगुळीत पाटी किंवा फळी घ्या. तिच्यावर वहीचे खरबरीत वेष्टन चिकटवा. आगपेटी तिच्यावर आडवी, म्हणजे चित्राची बाजू वर करून ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही अंशांनंतर पेटी घसरत खाली येईल. आता तीच पेटी काडी ओढायच्या लांब कडेवर उभी करा आणि फळी पुन्हा उचला. या वेळी ती घसरण्याआधीच धाडकन आडवी होईल.

दोन्ही वेळा पेटी तीच, वजन तेच आणि वेष्टनही तेच. फरक कशात पडला? पायाची रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांत. वजन जणू एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली ओळंब्याची रेषा जोवर पायाच्या आत पडते तोवर वस्तू उभी राहते. ती रेषा पायाबाहेर गेली की वस्तू उलटते. कडेवर उभ्या केलेल्या पेटीचा पाया सुमारे १.३ सें.मी. आणि गुरुत्वमध्य सुमारे १.७५ सें.मी. उंचीवर. पायाच्या निम्म्याला, म्हणजे ०.६५ ला १.७५ ने भागले की ०.३७ येतात. २० अंशांच्या कोनाचा स्पर्शक, म्हणजे टॅन, साधारण एवढाच असतो. म्हणून पेटी सुमारे २० अंशांवर उलटते. तुमच्या पेटीची मापे थोडी निराळी असतील. ती स्वतः घ्या आणि कोनमापकाने ताळा करून पाहा.

हाच प्रयोग खऱ्या गाड्यांवरही करतात. ब्रिटनमध्ये दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर माणसांइतके वजन ठेवतात, खालचा मजला रिकामा ठेवतात आणि बस एका फलाटावर तिरकी करीत नेतात. २८ अंशांपर्यंत ती उलटता कामा नये.

वळणावर रस्ता तिरका होत नाही. तरी परिणाम तोच होतो. गाडी सरळ जाऊ पाहते आणि टायरांचे रस्त्याशी होणारे घर्षण तिला वळणाच्या आत ओढून धरते. हे बल जमिनीपाशी लागते, पण गाडीचे जडत्व गुरुत्वमध्यापाशी, म्हणजे बरेच वर प्रकट होते. या जोडीमुळे गाडीला बाहेरच्या बाजूला कलंडवणारे परिबल निर्माण होते. गाडीचे वजन तिला परत खाली बसवू पाहते. हिशेब केला की फार सुटसुटीत उत्तर मिळते: अर्धी चाकोरी भागिले गुरुत्वमध्याची उंची. या गुणोत्तराला आपण 'स्थैर्यांक' म्हणू. वळणावरील आडवे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या जितके पट झाले की आतली चाके उचलली जातात, ती पट म्हणजे हा अंक. सूत्रात गाडीचे वजन कोठेच येत नाही, हे ध्यानात घ्या. जड गाडी आपोआप स्थिर असते असे मुळीच नाही.

जिप्सीची गोष्ट

आपल्याकडे याचे नामी उदाहरण आहे. डिसेंबर १९८५ मध्ये मारुती उद्योगाने जिप्सी ही चारही चाकांना शक्ती पुरवता येणारी लहान गाडी बाजारात आणली. मूळ रचना जपानच्या सुझुकी एसजे ४१० ची. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यांच्यावर पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ही गाडी अंगाने अरुंद आणि उभी होती. जुलै १९९३ मध्ये कंपनीने तिची 'वाइडट्रॅक' आवृत्ती काढली. तिची पुढची व मागची चाकोरी ९० मि.मी. ने वाढवून अनुक्रमे १३०० आणि १३१० मि.मी. केली होती. चाके अंगाबाहेर आली, म्हणून चिखल उडू नये यासाठी मडगार्डांना पंखांसारख्या कडा जोडल्या. त्या कडांवरून नवी गाडी लांबूनच ओळखू येई. १९९६ मध्ये मोठ्या इंजिनाची जिप्सी किंग आली, आणि २०१९ मध्ये जिप्सीचे उत्पादन थांबले. लष्करात, पोलिसांकडे, वनखात्यात या गाडीने मोठी सेवा केली.

या ९० मि.मी.चा उपयोग किती झाला असेल? गुरुत्वमध्य ७० सें.मी. उंचीवर आहे असे समजू. (ही संख्या हिशेबासाठी धरलेली आहे.) जुन्या गाडीची सरासरी चाकोरी १२१५ मि.मी., म्हणजे स्थैर्यांक ०.८७. नव्या गाडीची १३०५ मि.मी., म्हणजे ०.९३. फळीच्या भाषेत बोलायचे तर पहिली ४१ अंशांवर उलटेल, दुसरी ४३ अंशांवर. घाटातील ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली उलटण्याचा वेग ताशी साडेसत्तावन्न कि.मी. येतो आणि दुसरीचा साडेएकोणसाठ.

फक्त २ कि.मी.! अनेकांना हे उत्तर चुकीचे वाटते. पण वेगाचा वर्ग आणि स्थैर्यांक समप्रमाणात असतात. स्थैर्यांक सात टक्क्यांनी वाढला की वेग साडेतीन टक्क्यांनीच वाढतो. आणि हौशी माणसाने केवळ मागचा अ‍ॅक्सल बदलला, पुढचा तसाच ठेवला, तर हा लाभही निम्मा होतो.

मग कारखान्याने एवढा खटाटोप कशाला केला? कारण गाडी रिकामी फिरत नाही. आता तिच्या टपावर आंबेमोहोराची दोन पोती बांधा. गाडी १००० किलो, पोती मिळून १०० किलो आणि ती जमिनीपासून १९० सें.मी. उंचीवर. नवा गुरुत्वमध्य काढा: १००० गुणिले ७० अधिक १०० गुणिले १९०, भागिले ११००. उत्तर सुमारे ८१ सें.मी. सोपेपणासाठी ८० धरू. जुन्या गाडीचा स्थैर्यांक घसरून ०.७६ होतो, रुंद गाडीचा ०.८२. म्हणजे टपावर दोन पोती चढवताच रुंद केलेली गाडीसुद्धा मूळच्या रिकाम्या अरुंद गाडीपेक्षा कमी स्थिर झाली! वडापच्या जीपच्या टपावर माणसे बसवतात तेव्हा काय होत असेल, याचा हिशेब आता तुम्हालाच करता येईल.

घसरणे आणि उलटणे

या संख्यांचा खरा अर्थ घर्षणाशेजारी ठेवल्यावर कळतो. कोरड्या डांबरावर टायरांचा घर्षणांक ०.७ च्या आसपास धरला, तर आपल्या वळणावर गाडी ताशी सुमारे ५२ कि.मी. वेगाला घसरू लागेल. ज्या गाडीचा स्थैर्यांक ०.७ पेक्षा जास्त, ती आधी घसरेल. ज्या गाडीचा कमी, ती आधी उलटेल. आडवी आगपेटी आणि उभी आगपेटी आठवा. घसरणे वाईटच, पण घसरणारी गाडी चालकाला इशारा देते, वेग कमी झाला की कधी कधी सावरतेही. उलटणारी गाडी तेवढी सवड देत नाही.

आपली आकडेमोड गाडी दगडासारखी ताठ आहे असे मानून केली. प्रत्यक्षात पाटे दबतात, अंग बाहेर झुकते, बाहेरचे टायर चेपतात आणि गुरुत्वमध्य बाहेर सरकतो. त्यापायी दहा टक्के वजा करा. टपावर ओझे असलेली अरुंद गाडी येते ०.६८ वर, आणि रुंद गाडी ०.७३ वर. पाहा, ०.७ ची रेषा नेमकी दोघींच्या मधून गेली! तेच ओझे, तोच रस्ता. पण अरुंद गाडी उलटेल आणि रुंद गाडी घसरेल. ९० मि.मी. ची खरी किंमत वेगातल्या २ कि.मी. पेक्षा येथे दिसते.

पावसाळ्यात मात्र गोष्ट बदलते. ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ पर्यंत उतरला, तर गाडी ताशी ३९ कि.मी. लाच घसरते. चाकोरी १२१५ असो की १३०५, काही फरक नाही. घर्षणाच्या गणितात चाकोरी येतच नाही. रुंद चाकांवर भरवसा ठेवून ताम्हिणीच्या पावसात वेगाने वळणारा चालक म्हणूनच फसतो. बरे, घसरलेली गाडी मोकळ्या मैदानात थांबत नाही. तिची चाके कडेच्या गटाराला, दगडाला किंवा मऊ मातीला अडतात, आणि पायात पाय अडकलेल्या माणसासारखी ती कोलमडते. एकट्या गाडीच्या उलटण्याचे बहुतेक प्रकार असे अडखळून होतात. या वेळी मात्र रुंद चाकोरी पुन्हा थोडीफार कामी येते.

परदेशांतही हा धडा महागात पडला आहे. अमेरिकेत जिप्सीच्याच कुळातील सामुराई गाडीला १९८८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने, चटकन उलटते म्हणून, अस्वीकारार्ह ठरवले. कंपनीला ती चाचणीच मान्य नव्हती. तिने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये मर्सिडीझची नवी ए-क्लास गाडी चाचणीत उलटली. अचानक समोर मूस हरिण आले तर गाडी झटकन एकीकडे घेऊन परत वळवायची, अशी ती चाचणी. (आपल्याकडे हरणाऐवजी म्हैस म्हणा.) कंपनीने सस्पेन्शन बदलले आणि चाकांचे ब्रेक स्वतंत्रपणे लावून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व गाड्यांना बसवली. याउलट १९५९ च्या पाँटियाक गाडीची चाकोरी सुमारे ५ इंचांनी वाढवली, ती मुख्यतः रुंद अंगाखाली चाके खुजी दिसत होती म्हणून. आणि मग 'वाइड ट्रॅक' हीच तिची जाहिरात झाली. हौशी मंडळींच्या मनातही शोभेचा वाटा बराच असतो, असे मला वाटते.

मागचा भाग बदलताना

आता गॅरेजात डोकावू. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत काम वरवर सोपे दिसते. यू-बोल्ट सोडायचे, पाट्यांखालून जुना अ‍ॅक्सल काढायचा, रुंद गाडीचा अ‍ॅक्सल हाफ-शाफ्ट, ड्रम, बेअरिंगसह आत सरकवायचा. पाट्यांखालच्या बैठका दोन्ही अ‍ॅक्सलवर सारख्याच अंतरावर असतील तर तो बसतो. पण बैठक जागच्या जागी आणि चाक ४५ मि.मी. बाहेर, याचा अर्थ तरफ लांबली. मागच्या एका चाकावर ३०० किलो भार असेल, तर बैठकीपाशी अ‍ॅक्सल वाकवणारे परिबल १३० न्यूटन-मीटरने वाढते, तेही गाडी नुसती उभी असताना. खड्ड्यात आदळली की त्याच्या कितीतरी पट. कारखान्याच्या रुंद अ‍ॅक्सलची नळी हे धरूनच बनवलेली असते. पण कोणी अ‍ॅक्सल न बदलता नुसत्या चकत्या घालून चाक बाहेर काढले, तर तोच भार बेअरिंगवर आणि चाकाच्या बोल्टांवर पडतो. त्यांचा विचार कोणी केलेला नसतो. हा स्वस्त उपाय मला सर्वांत घातक वाटतो.

चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत आणखी एक सापळा आहे. अ‍ॅक्सलच्या मधोमध दातेरी चाकांची जोडी असते. समजा पुढच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण ४.१ आणि नव्याने बसवलेल्या मागच्याचे ३.७. चौचाकी जोर लावला की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. मागची चाके १०० मीटर जाऊ पाहतात तेव्हा पुढची ९० मीटरच. गाडी तर एकच आहे! मग कोठले तरी टायर घसरत राहतात, किंवा दातांवर पीळ साठत जाऊन काहीतरी तुटते. चिखलात हे खपून जाते, डांबरावर नाही. बदललेल्या प्रमाणामुळे वेगदर्शकही खोटे बोलू लागतो. ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार, शाफ्टची लांबी, भरल्या गाडीत टायर मडगार्डाला घासतो का, हे सगळे वेगळेच.

फक्त मागची चाकोरी रुंद केल्याचा परिणाम चालवण्यावरही होतो. वळणावर आतल्या चाकावरचा काही भार बाहेरच्या चाकावर जातो. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून सारखा भार असलेली दोन टायरे मिळून जितकी पकड देतात, तितकी एक जड आणि एक हलके टायर मिळून देत नाहीत. चाकोरी रुंद झाली की हा भारबदल घटतो आणि मागची पकड सुधारते, पुढची मात्र होती तशीच राहते. परिणामी वळणावर गाडीचे नाक बाहेर सरकू लागते. चालक सुकाणू फिरवतो तरी गाडी अपेक्षेइतकी वळत नाही. शिवाय चिखलात पुढच्या चाकांनी पाडलेल्या चरात मागची चाके बसत नाहीत. त्यांना स्वतःचा नवा चर पाडावा लागतो आणि इंजिनाचा जोर त्यात खर्च होतो. सुतारबुवांचे म्हणणे अगदी टाकाऊ नव्हते तर!

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढची चाके गाडी ओढतात आणि मागे पिळणारी एक आडवी तुळई असते. ती बदलून चाकोरी वाढवता येते. पण ती तुळईच गाडीचे झुकणे किती रोखायचे हेही ठरवते, त्यामुळे एक गोष्ट बदलू जाता दोन बदलतात.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मापपट्टी देऊन शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांची चाकोरी मोजायला सांगावी; गुरुत्वमध्याची उंची मोजता येत नाही, पण गाडीच्या एकूण उंचीचे सुमारे चाळीस टक्के धरून ढोबळ तुलना करता येईल. रिक्षा मात्र वेगळी काढा. तिला पुढे एकच चाक असल्यामुळे ती पुढचे चाक आणि मागचे बाहेरचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून उलटते. कागदावर हा त्रिकोण काढा, त्यात गुरुत्वमध्य पुढून दोन-तृतीयांश अंतरावर मांडा, आणि मधल्या रेषेपासून त्या तिरक्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर मोजा. ते अर्ध्या चाकोरीच्या किती भरते? आणि वळणावर रिक्षावाल्याने जोराने ब्रेक दाबला, तर तिला उलटणे सोपे जाईल की अवघड?